कालचा बर्फ

केमियार्वीच्या शाळेत दुपारी दोनलाच दिवे लागतात.
तूलिक्की बाई फळ्यावर काहीच लिहीत नाहीत,
विचारतात, "तळं ओलांडायच्या आधी काय करता?"

"भोक पाडून बघतो," एमेली म्हणतो,
"चार बोटं तरी जाडी हवी."
"काल ओलांडलं असेल तर?"
"तरी बघतो. कालचा बर्फ कालचा."
"आणि अर्ध्यावर करकरला?"
"मागं फिरायचं."
"बोललाच नाही काही, तर?"

मागच्या बाकांवर खसखस पिकते,
आणि कुणाच्या तरी लक्षात येतं,
बाई बर्फाबद्दल बोलत नाहीयेत.

संध्याकाळी बसथांब्यावर
एमेली हातमोजा काढतो.
हात पुढे नेतो, मध्येच थांबतो.
"धरू?"

हेल्मी वेळ घेते.
"आज नको."

बरं, म्हणून तो हात खिशात घालतो.
बस उशिरा येते.
तोवर दोघं
माशांबद्दल बोलत राहतात.