टोप

दसरा झाला की टोप उतरायचा,
मार्गशीर्षाच्या पुनवेआधी पुन्हा चढवायचा.
मधले दोन महिने उघड्या हौद्यात रताळी,
माती, मुळ्या, हमालांच्या बिड्यांची थोटकं.

उद्यमबागेतल्या शेडमध्ये बनवून घेतला
तेव्हा तो वेल्डर म्हणाला होता, दोघं उचलाल आरामात.
खोटं बोलला.
चौघं लागतात, आणि पाचवा शिव्या द्यायला.

काढणं त्यामानानं सोपं.
तेरा नंबरचा पाना, चार क्लॅम्प,
मागच्या दिव्याची वायर
(ती एका वर्षी विसरली, दिवा टोपाबरोबर लोंबत वर गेला)
आणि रबराची पट्टी, जी सुटता सुटत नाही,
दूध करपलेल्या पातेल्याच्या बुडासारखी.
आम्ही भांडीच विकतो, म्हणून हेच सुचतं.

मग टोप अंगणात, आठ विटांवर.
सरकत्या काचेची खिडकी आहे त्याला.
आत पत्र्यावर माझ्या टिकल्या:
एक सौंदत्तीची, एक चिंचलीची, दोन कोकटनूरच्या.
घरात आम्हाला खोली आहे, नाही असं नाही,
पण भिंतीपलीकडे सासूबाईंचा खोकला
आणि अलीकडे दिरांचा टीव्ही.
जत्रेत, डब्यांच्या पोत्यांवर गोधडी टाकून,
खिडकी बोटभर उघडी ठेवून
जे बोललो
ते ह्या पत्र्याला ठाऊक.

यंदा चढवायच्या दिवशी वाकून बघते तर
आत कोंबडी. खुडूक. अकरा अंड्यांवर.
‘काढ की तिला. काय बघुलालीस?’ हे म्हणाले.
मी दिवस मोजले. चारच राहिले होते.
‘पायऱ्यांजवळची जागा जाईल.’
‘जाऊ दे.’
गाडी चार दिवस बोडकी उभी राहिली.
हे तिच्या भोवती फिरून टायरांवर लाथा मारत होते.
कोंबडीवर नाही. तेवढं खरं.

पाचव्या दिवशी नऊ पिल्लं निघाली. दोन अंडी गंदी.
टोपलीत घालून सगळं बिऱ्हाड चुलीमागं हलवलं
आणि माणसं मोजली:
हे, शेजारचे ईरण्णा, त्यांचा थोरला.
जोतिबा भावजी पेडण्याला हॉटेलात लागले.
त्यांचा मागचा डावा कोपरा
मी धरला. कुणी सांगितलं नव्हतं.

ईरण्णा मोजतात ओंदु, एरडु, मूरु
आणि मूरुवरच उचलतात.
हे तीन म्हणतात, श्वास घेतात, मग उचलतात.
त्या एका श्वासाचा पोचा अजून आहे उजव्या कडेला.
दोन वर्षं त्याच्यावरून भांडण,
तुझ्या मोजण्यामुळं, की माझ्या.

मी म्हणाले, कुणी मोजायचं नाही.
मी हं म्हणेन.
हं दोन्हीकडं हंच.

हं.

सात वर्षं ज्याच्या आत झोपले
त्याचं वजन मला त्या दिवशी कळलं,
मनगटात आधी, मग खांद्यात,
मग कुठं तरी दातांच्या मुळाशी.
टोप पट्टीवर बसला. बरोब्बर नाही, बोटभर सरकून.
ईरण्णा म्हणाले, ‘साकु.’ पुरे.
क्लॅम्प मी आवळले.

यरगट्टीच्या अलीकडं अंधार पडला.
‘मागची वायर जोडलीस काय?’
उतरून बघितलं. दिवा लालभडक.
रबरात एक तांबडं पीस अडकलेलं.
ओढलं असतं तर निघालं असतं.
‘जोडलीय,’ म्हणाले, ‘चला.’