चकवा, भाग तिसरा

स्विंडनला एक चौक आहे,
मोठ्या गोलात पाच छोटे गोल.
त्यातल्या चौथ्यात चकवा राहतो म्हणे.
"बाबा, वही उलटी धर. मांगा उजवीकडून वाचतात."

शाल्मलीचा चकवा घावनासारखा वाटोळा,
डोळे मात्र माझे, रात्रपाळीचे.
कॉनर त्याच्यावर पाण्याची बाटली रोखतो.
धाप्प! सुंईऽऽ! दोन पानं नुसता धुरळा.

मग ती शाळेचा स्वेटर उलटा घालते
(हा उतारा मीच सांगितलेला, कधीतरी भांडी घासताना)
आणि चकवा हरतबिरत नाही,
बसकण मारून विचारतो,
"घर कुठल्या फाट्याला?"

पुढची चौकट कोरी.
"ठरतंय अजून," पेन्सिल चावत ती.

अकरा वर्षांत मला पाचही फाटे पाठ झालेत.
तरी मी गप्प बसतो.