कानस

दारूखान्यात झाडं कापायचं मशीन आलं
की अब्बासभाई ते आधी उचलून बघतात.
चालू वगैरे नंतर.
नकली असेल तर हाताला पोचट लागतं,
दाणा न भरलेल्या शेंगेसारखं.
हे लागलं नाही.

नंबराची पट्टी घासून गुळगुळीत.
मला म्हणाले, वय सांग.
मी तेलाचं बटण दाखवलं, अंगठ्यानं दाबायचं,
साखळीला ब्रेकही नाही,
म्हणजे माझ्याहून मोठं.
"आणि तुझ्याहून कामाचं," म्हणाले.

मग सुरू करायच्या दोरीला धरून टांगलं.
सर्रकन खाली आलं तर सिलिंडर संपला,
किलोच्या भावानं जाणार.
हे अडखळत उतरलं,
गुडघे धरलेला म्हातारा जिना उतरतो तसं,
एका पायरीवर थांबून, मग दुसरी.

बाई रंगाच्या डब्यावर बसली होती.
तुळशी वरठा. भांडुपहून,
मशीन मांडीवर घेऊन, दोन बस बदलून.

कव्हर काढलं. आत तेलात मुरलेला भुसा.
अब्बासभाईंनी चिमूट चोळली, नाकाशी नेली.
"सुबाभूळ. वरचा थर आंब्याचा."
"आंबा शेवटचा," ती म्हणाली,
"सोसायटीतला. गाड्यांना आडवा येत होता."
पुढचं तिनं सांगितलं नाही,
आम्ही विचारलं नाही.

साखळीच्या दातांवरून ते नख फिरवत गेले.
अर्ध्या मुंबईची मशीनं लाकडात वाकडी शिरतात,
कारण कानस मारणाऱ्याचा हात
एका बाजूला जड असतो.
इथे चौदा डावे, चौदा उजवे,
नख कुठेच अडेना.
"यजमान कारागीर होते तुमचे."

"ते कापायचे," ती म्हणाली.
"कानस मी मारायचे. रोज. भात शिजेपर्यंत."

अब्बासभाईंचे ओठ हलले.
अठराशे सांगणार होते, मला माहीत आहे,
तो आकडा त्यांनी गिळला.
बत्तीसशे, म्हणाले,
आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

तिनं नोटा दोनदा मोजल्या, कमरेला खोचल्या,
दारापर्यंत गेली, परत आली.
मशीनच्या पिशवीत हात घातला:
पाना, तेलाची बाटली, जुना प्लग,
आणि तळाशी गोल कानस,
मुठीला लुगड्याची चिंधी गुंडाळलेली.
तेवढी काढून घेतली.

"हिचा भाव झाला नव्हता."

"नव्हता," अब्बासभाई म्हणाले,
आणि मला चहा सांगायला पिटाळलं.
तीन कप घेऊन आलो तेव्हा
डब्यावर कुणी नव्हतं.