नऊपर्यंत अक्षरी

एल्स्पेथ गेडिसच्या टेबलावर एक पुठ्ठा असायचा,
चहाच्या डागांनी किनारपट्टीचा नकाशा झालेला.
त्यावर तिच्या बारीक हातातल्या ओळी:
एक ते नऊ, अक्षरी.
दहापासून पुढे आकडे.
वाक्याच्या सुरुवातीला आकडा नाही.
आणि खाली, वेगळ्या शाईत:
बिशप वारला तरी नाही.

मी तेव्हा सतरा वर्षांचा. तिच्या लेखी १७.
स्कॉटलंडच्या त्या वाऱ्याच्या कोपऱ्यात
धक्क्यावर बोलायची भाषा एक,
साप्ताहिकात छापायची इंग्रजी वेगळी,
आणि माझ्या तोंडात दोन्ही अर्धवट.
पहिल्याच बातमीत लिहिलं:
‘२३ पेट्या धक्क्यावर सडल्या.’
तिने तो आकडा मांजरीच्या पिल्लासारखा
मानगुटीला धरून उचलला, आत नेऊन ठेवला:
‘धक्क्यावर २३ पेट्या सडल्या.’
म्हणाली, वाक्याच्या दारात उभं राहायचं
तर डोक्यावर कॅपिटलची टोपी लागते.
आकड्याला कुठली टोपी घालशील?

‘१२ ६ फुटी फळ्या’ लिहिल्या, तेव्हा ती हसली,
वर्षातून दोनदा हसायची त्यातलं ते एक.
सुतार एकशे सव्वीस फुटांची फळी मागवेल, पोरा.
एकाला अक्षरात पाठव.
बारा ६ फुटी फळ्या.
भरतीची वेळ मात्र आकड्यातच,
तिथे वाचणाऱ्याला थांबायला फुरसत नसते.
वयही आकड्यात, तान्हं असो की म्हातारं.
आणि एकाच वाक्यात दोघे आले
तर दोघांना सारखे कपडे,
एकाला कोट अन् दुसऱ्याला नुसता सदरा
असं माझ्या पानात चालायचं नाही.

फेब्रुवारीत ‘ब्रायटर मॉर्न’ परतली नाही.
मी बंदर कचेरीतून यादी आणली, भिजलेली.
नऊ नावं, त्यातले चौघे फ्लेट,
एकमेकांचे कोणीच नव्हेत किंवा सगळेच.
तिने मथळा लिहिला: नऊ जण बेपत्ता.
अक्षरी. नियमाप्रमाणे.
डॉड कावीने शिशाच्या ओळी जुळवल्या,
यंत्राला तेल घातलं.

बारा वाजायला वीस मिनिटं असताना
जेसी-ॲन स्लेटर दारात आली.
पायात दोन वेगळे जोडे.
आमचा वॉटी पण गेलाय, म्हणाली,
बटाटे सोलायला नेला होता,
वहीत नाव नाही त्याचं,
शाळा बुडवून गेला म्हणून सांगितलं नव्हतं कुणाला.
आणि मग, जणू दंड भरायचाय अशा आवाजात,
पंधरा. नोव्हेंबरात सोळा होणार होता.

एल्स्पेथने पेन्सिल घेतली.
नऊ खोडलं.
डॉड यंत्राशी उभा. मी पुठ्ठ्याकडे पाहत होतो.
मला वाटतं तीही पाहत होती,
पण तिची नजर कुठे असते ते कधी कळायचं नाही.
पेन्सिलीचं टोक तिने जिभेला लावलं,
ती एरवी असं करत नसे,
आणि लिहिलं: दहा.
द-हा. अक्षरी.
मग आतल्या ओळीत
वॉटी स्लेटर, १५.
वय आकड्यात, बरोबर.

शुक्रवारी मालक फार्कर्सन यांची चिठ्ठी आली:
मथळ्यात दहा? आपला नियम?
समासात तिने लिहिलं, माहीत आहे.
चिठ्ठी परत पाठवली.
पुठ्ठ्यावर काहीही बदललं नाही,
चहाचा एक डाग वाढला, तेवढाच.

पुढच्या आठवड्यात मला वाटलं, मी शिकलो.
‘दहा पेट्या हॅडॉक,’ मी लिहिलं, अक्षरात,
थोडा घसा दाटून.
तिने काट मारली.
समासात, कोरडं, नीट, दोन टिंबं देऊन:
१०.