रोटर

सूरच्या मच्छीबाजारामागे पहाटे साडेचारला
लॅन्सर घरघरते आणि धरत नाही.

ब्याण्णवची आहे. डॅशबोर्ड उन्हाने उलला,
त्या भेगेवर साखरकर उस्तादांनी लावलेली सेलोटेप
अजून तशीच, आता मधासारखी पिवळी.
एकशे ऐंशी रियालला गाडी मला देऊन
ते कायमचे अंजनवेलला गेले, त्याला चार वर्षं झाली.

पुन्हा चावी. घर्र घर्र घर्र घर्र.
बॅटरी ठणठणीत, स्टार्टर ठणठणीत.
पाहुणा तासभर बोलतो
आणि कशासाठी आलाय ते सांगत नाही, तसं.

कल्हातला सहाची शिफ्ट. जुलैतली हवा
इथे श्वासात घेत नाहीत, पितात.
टॉर्च दातात धरून कार्बोरेटरमध्ये डोकावलो,
हाताने केबल ओढली:
पेट्रोलची चिळकांडी उडाली, बारीक, सरळ.
म्हणजे उपाशी नाही.
मग प्लग काढला, ब्लॉकला टेकवला,
वॉचमन मोनिरला म्हटलं, मार.
तो सिलेटचा, गाडी कधी चालवलेली नाही,
चावी अशी फिरवतो जणू कुणाच्या घराचं कुलूप उघडतोय.
ठिणगी नाही.
कॉइल गेली, मी ठरवून टाकलं.
बारा रियाल. महिन्याची अठरा तारीख.

तिकडे सहा वाजलेले. नमाज झालेली असणार.
उस्ताद म्हणाले, "शिरधनकर, बोलू नको तू. तिला बोलू दे."
फोन बॉनेटखाली धरला.
मोनिरने मारली.
"अजून एकदा."
मोनिरने मारली.
पलीकडे कोंबड्या, कुणीतरी हंडा आपटला,
मग बराच वेळ काहीच नाही.

"हलकी फिरतेय रे.
इंजिन दाबाला येतं तेव्हा धापतं, मध्ये मध्ये अडतं.
ही अडत नाय कुठे.
रिकामं जातं फिरवल्यागत फिरते.
डिस्ट्रिब्युटरची टोपी काढ. आतला रोटर बघ."

दोन स्क्रू. एक घामाने निसटून खाली गेला, गेलाच.
टोपी बाजूला केली. मोनिर, मार.
खाली सगळं गरगर फिरत होतं,
फॅनचा पट्टा, पुली, अख्खी गाडी थरथरत होती,
आणि वर तो बोटभर रोटर
तिसऱ्या नंबरकडे तोंड करून
जागचा हलला नाही.

"नाही फिरत," मी म्हणालो.
"टायमिंग बेल्ट," ते म्हणाले. "तुटला."

"पण तो तर तुम्ही बदललेला ना? द्यायच्या आधी?"

आता कोंबड्याही नाहीत.
"बदलणार होतो," उस्ताद म्हणाले.
"व्हिसा कॅन्सल झाला, आठवडा दिला त्यांनी.
एकतीस वर्षं बांधायची होती आठवड्यात.
डिकी उघड. स्टेपनी उचल."

स्टेपनीखाली अरबी पेपरात गुंडाळलेला
नवा पट्टा होता. लेबल शाबूत.
चार वर्षं मी त्याच्यावरून
फिश मार्केट, प्लांट, हॉस्पिटल, दोनदा मस्कत एअरपोर्ट.

"उलटा वाकव. नखाने दातांच्या मुळाशी बघ, चिरा आहेत?"
नाहीत.
"मग घाल. व्हॉल्व्ह वाकले नसतील तर धरेल.
वाकले असतील तर... ते घातल्यावर कळेल.
आणि मजुरीचे वीस रियाल माझ्याकडे लागतात तुझे, लिहून ठेव."
मी हसलो. ते हसले नाहीत.

मोनिर चहा आणायला गेला.
बंदरात एका होडीचं इंजिन पहिल्याच झटक्याला लागलं
आणि पाण्यावरून लांब गेलं.

"शिरधनकर."
"हां उस्ताद."
"जरा अजून एकदा मार ना. फोन धर जवळ."
"पट्टा तुटलाय उस्ताद. तुम्हीच सांगता, अशात मारू नये."
"हो," ते म्हणाले. "नको. खरंच नको मारू."

फोन मात्र ठेवला नाही त्यांनी.
मीही नाही.
दहाचा पाना शोधत राहिलो.