बैल किती लागतील?

चिलोए बेटावर माणसं घर सोडून जात नाहीत,
घर घेऊन जातात.
खाली ओंडके सरकवायचे, दोरखंड बांधायचे,
बैलांच्या जोड्या पुढे, हाकारे घालणारा गाव मागे;
समुद्र आडवा आला तर भरतीच्या पाण्यावर
घर तरंगत निघतं,
पडदे, चूल, खिडकीतलं मांजर, सगळं आत.
याला मिंगा म्हणतात.
शेवटी यजमानानं सगळ्यांना जेवू घालायचं.

हे आधी सांगितलं, कारण पुढे लागणार आहे.

माझे वडील, रोसामेल उएनुमान,
सायप्रसची लाकडी कौलं फोडतात.
ती छपरावर बसतात, भिंतीवरही चढतात,
माशाच्या खवल्यांसारखी एकीवर एक.
गोल टोकाची, अणकुचीदार, तिरप्या कापाची.
मढवलेली प्रत्येक भिंत ते चेहऱ्यानं ओळखतात.
माणसांची नावं मात्र विसरतात.

नऊ वर्षं आमचं दुकान
एका मोठ्या बाजाराच्या पानावर होतं.
फुकट होतं, झकास होतं.
एका मंगळवारी सकाळी नव्हतं.
कुऱ्हाडीचा फोटो यंत्राला शस्त्र वाटला.
दाद मागितली; आभार मानणारं उत्तर आलं.
दोनशे सहा गिऱ्हाइकांचे शब्द,
आंकुदच्या शाळेची भिंत,
केमचीच्या बाईनं खूश होऊन पाठवलेली जॅमची बरणी, तिचा फोटो,
सगळं कुणाच्या तरी कपाटात, आणि किल्ली त्यांच्याकडे.
बाबा म्हणाले, "परक्याच्या ओसरीवर पथारी टाकली होती.
ऊठ म्हटलं, उठलो. यात रडायचं काय?"
आणि दिवसभर कुऱ्हाडीला धार लावत बसले.

मी डोमेन घेतलं,
वर्षाला दोन पोती बटाट्यांच्या भावात.
दोन रविवार लागले वेबसाइटला.
मजकूर बाबांनी सांगितला:
दुपारी दोन ते चार झोपतो.
ओलं लाकूड विकत नाही.
घासाघीस चालेल, पण समोर येऊन.
"आणि कुऱ्हाड सगळ्यात वर लाव."

पहिल्या महिन्यात सात भेटी.
पाच माझ्या, एक भावाची.
सातवी कुणाची, यावर घरात आठवडाभर खल.

मग मे महिन्यात, पार पुन्ता आरेनासहून,
एल्सिरा ओयार्सो नावाच्या बाईंचं पत्र:
घ्यायचं काही नाही, फक्त विचारायचंय.
आजीच्या घराचा हा फोटो;
भिंतीवरच्या या टोकाला काय म्हणतात?
शोधता शोधता तुमच्या दारात आले.

बाबा सांगत गेले, मी टाइप करत गेले, बोटं आखडली.
टोकाचं नाव, झाडाचं वय,
आणि फोडणारा डावखुरा होता,
काप बघा ना, कुठून सुरू होतो.
ऑगस्टमध्ये तिनं अठराशे कौलं मागवली.
घासाघीस केली नाही.
बाबा जरा खट्टू झाले.

यंदा सर्व्हरवाल्यांनी भाडं दुप्पट केलं.
म्हटलं, हलवू दुसरीकडे.
पत्ता आपल्या नावावर आहे, तो तसाच राहील;
आतलं सगळं उचलायचं, फक्त खालची जमीन बदलायची.
बाबांनी हातातली पटाशी खाली ठेवली.
"मग मिंगाच की ही. बैल किती लागतील?"

रात्री एक वाजता मी बटण दाबलं.
ते शेजारी बसले होते, कोट घालून, टोपी मांडीवर.
निळी पट्टी सरकू लागली तसे पुटपुटले, "हळू... हळू..."
ऐंशी टक्क्यांवर अडली,
तेव्हा उठून उभे राहिले.

सकाळी मोठ्या पातेल्यात
बटाटे, शिंपले, खारवलेलं मांस.
पंगतीला शेजारच्या दोघी बहिणी, पोस्टमन आणि मी.
कशाबद्दल जेवण, हे त्या तिघांना अजून नीट कळलेलं नाही.

फाटकावर आता एक फळी आहे, कोरलेल्या पत्त्याची.
मधलं टिंब कोरलेलं नाही.
तिथे लाकडाची गाठ होती.
अक्षरं बाबांनी
तिच्या दोन्ही बाजूंनी बसवली.