पुढील सूचना मिळेपर्यंत

राजमल्लू चिप्पा जेकार्डवरून आला मोनोवर.
मालकांनी विचारलं, मराठी येतं का?
म्हणाला, भोकं येतात.

चादरीतला मोर म्हणजे पुठ्ठ्यातली भोकं,
इथं कागदी पट्टीतली भोकं म्हणजे अग्रलेख.
फरक एवढाच, म्हणायचा,
मोर चुकला तर गिऱ्हाईक परत आणतं.

मी तेव्हा साखर पेठेतल्या त्या छापखान्यात
कढईत शिसं टाकणारा पोऱ्या.
मे महिना. बाहेर चव्वेचाळीस, कढईत तीनशे साठ,
आणि कास्टर चालू झाला की
फुटाण्यांच्या भट्टीसारखा तडतडत
एकेक अक्षर टाकायचा,
चकचकीत, आरशातून पाहिलेलं.
बोटं पोळायची.
शिशाला उतारा म्हणून रोज एक केळं मिळे.
ते मी धाकटीला न्यायचो.

दिवसा जुळवलेलं रात्री परत कढईत.
गड्ड्यातल्या सर्कशीची जाहिरात,
कुणा मादगुंडींच्या बाराव्याचं निवेदन,
सकाळी त्याच शिशाचं कुणाचं तरी लग्न.
फक्त ‘चि. सौ. कां.’ एवढं दोऱ्यानं बांधून
खिडकीत कायमचं ठेवलेलं.
ते रोज लागे.

मग गिरणीची नोटीस आली छापायला.
राजमल्लूचे तीन भाऊ त्या गिरणीच्या हजेरीवर.
पट्टी ठोकली त्यानं. एक चूक नाही.
फर्मा सोडताना शेवटची ओळ बाजूला काढली,
खिशातल्या वीस काउंटच्या सुतानं बांधली
आणि ‘चि. सौ. कां.’च्या शेजारी ठेवली.
ही पण लागणार, म्हणाला.

दोनदा लागली.
तिसऱ्या गिरणीनं नोटीससुद्धा छापली नाही.

गेल्या वर्षी होटगी रोडला
बाशूभाई नदाफांच्या काट्यापाशी
कास्टर दिसला, उताणा.
पितळ वेगळं लावतो, म्हणाले, बीड वेगळं.
मी म्हटलं, एकत्रच लावा.
रिक्षाच्या नव्या टपाचे पैसे होते.
बायको दोन दिवस बोलली नाही,
तिसऱ्या दिवशी रॉकेलचा बोळा घेऊन बसली.

चालतो अजून.
पण साच्यांच्या चौकटीत ळ-चं घर रिकामं.
बाळीवेस होत नाही, शाळा होत नाही,
केळं तर नाहीच.
सोलापूर होतं.

काल कढईखालचा खण खरवडला.
राखेत ती ओळ होती.
सूत काळं पडलेलं, गाठ विणकराची,
ओढली तर आवळणारी.
उलटीच वाचली मी. सवय आहे.
अख्ख्या यंत्रात उरलेला एकच ळ तिच्यात,
‘मिळेपर्यंत’च्या मधोमध, काना-कोपरा शाबूत.

सोडवला तर साचा करता येईल त्याच्यावरून.
सोडा की मग, बायको म्हणते, कात्री देऊ?
कात्री नको.
नखानं सोडतो, म्हटलं,
आणि बसलोय.